रायफलीची निवड

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले, आणि कुस्तीगीर खाशाबा जाधवांच्या १९५२च्या ऑलिंपिक पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्यास आलेल्या या वैयक्तिक यशाने अनेक घरांत रायफलीची अभिलाषा जागविली.

अशा घरांतील पालकांस माझे आग्रहाचे सांगणे आहे की, कारखान्यात सिद्ध झालेली बोल्ट अ‍ॅक्शन रायफलच निवडावी आणि कारागिराकडून खास फेरफार करवून घेण्याचा मोह आरंभी टाळावा. या प्रकारातील लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, तेथे ५.६ मिलिमीटरची गोळी पोहोचविण्याची अचूकता आन्शुट्झ, वाल्थर यांसारख्या कारखान्यांच्या नळीत मुळातच असते. मुंबईच्या मरोळ उपनगरातील औद्योगिक वसाहतीत लेथवर हयात घालविलेला कामगार जाणतो की, यंत्र उत्तम असूनही पकड सैल राहिली तर माप चुकते; तद्वतच दस्त्याची लांबी, गालाच्या टेकूची उंची आणि चापाचा भार नेमबाजाच्या देहाशी जुळला नाही, तर महागडी नळी व्यर्थ ठरते. निरनिराळ्या खेपांची काडतुसे झाडून, जिची छिद्रे सर्वांत जवळ पडतील तीच खेप घ्यावी, आणि वाचलेला पैसा सरावावर खर्चावा.

परंतु परवाना आणि किंमत या दोन्ही अडचणी सामान्य कुटुंबास न पेलणाऱ्या असल्याने, उपनगरांतील होतकरू मुलांच्या दिमतीस अशा रायफली प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली ठेवण्याची तजवीज शासनाने विनाविलंब करावी.