बरे न झालेल्यांची साक्ष

१८९३ च्या सुमाराला कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे मिशनरी भेटले. बोलणं रंगलं आणि निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हाती बायबल ठेवलं. ती आगगाडी आपल्या गोंदियावरूनच पुढे गेली असणार, कारण राजनांदगावचा रूळ तेव्हाही तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा असाच जात होता. पुढे वाचता वाचता टिळक येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या मंडळीत ही गोष्ट आवडीने सांगतात आणि बहुतेक वेळा इथेच संपवतात. मला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. प्रभूकडे आल्यावर टिळकांच्या घरचं संकट टळलं नाही, उलट ते घरात येऊन बसलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. पंढरपुरात दिवस काढले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि लोकांचं बोलणं रोजचं. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. नवऱ्याच्या सांगण्याने त्यांनी धर्म बदलला नाही. जातपात देवाने केलेली नाही हे त्यांचं त्यांना पटलं, तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचं पाणी घ्यायला सुरुवात केली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सगळा झगडा त्यांनी जसा घडला तसा लिहून ठेवला आहे, रडणं आणि राग यांसकट. विश्वासाबद्दल इतकं खरं मराठीत फार थोड्यांनी लिहिलं असेल.

पुढेही पैसा घरात टिकला नाही. प्लेगच्या दिवसांत याच बाई रोग्यांच्या उशाशी बसल्या. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं. जेमतेम लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढचे ६४ अध्याय रचले.

पंडिता रमाबाईंकडे पाहिलं तरी हेच दिसतं. आई-वडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण मृत्यूने त्यांचा पिच्छा सोडला नाही. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि वर्ष भरायच्या आत रमाबाई स्वतः. मधल्या काळात काय केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात, म्हणजे त्याच प्रांतात होता. उपासमारीने खंगलेल्या बाया-पोरींना त्या पुण्याजवळच्या केडगावला आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

हे सगळं मी आज लिहिते आहे ते वहिनीमुळे. तिला कॅन्सर झाला. गोंदियाच्या कितीतरी घरांप्रमाणे आमचंही घर पहाटेच्या गाडीने नागपूरच्या फेऱ्या मारू लागलं. मंडळीतून प्रार्थना होत होत्या, डबेही येत होते. पण कोणीतरी एकदा तिला म्हणालं, ‘तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय.’ त्यानंतर बरेच रविवार ती उपासनेला आली नाही. तिचा देवावर राग नव्हता. बरी न झाल्याची तिला लाज वाटू लागली होती. आजारी माणसावर असं ओझं टाकणं हे पाप आहे, असं मी स्पष्ट म्हणते. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र हेच करत होते आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला.

वहिनी वॉर्डात बायबल नेत असे. शेजारच्या खाटेवर देवरीकडची एक म्हातारी होती, तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, म्हणून वहिनी तिला स्तोत्रं वाचून दाखवू लागली. केमोने तोंड आलेलं असायचं, तरी वाचायची. म्हातारी ख्रिस्ती नव्हती आणि वहिनीने तिला तसं व्हायलाही सांगितलं नाही. भाऊ सांगतो, त्या दिवसांत वहिनी घरी आल्यावर आपल्या रिपोर्टआधी म्हातारीच्या रिपोर्टबद्दल बोलायची. वहिनी वाचली नाही. पण तिची आशा खोटी ठरली असं मला कधीच वाटलं नाही. आपण बरे होऊ यावर ती आशा टांगलेली नव्हतीच. प्रभू या खाटेपाशी आहे, मग शेजारच्या खाटेपाशीही असणार, एवढं तिने धरलं होतं.

आमच्याकडे साक्षीच्या वेळी ज्यांचं दुखणं गेलं, ज्यांच्या मुलाला नोकरी लागली, ते उभे राहतात. त्यांनी जरूर राहावं, त्यांच्या आनंदात मी आहे. पण ज्यांचं दुखणं गेलं नाही, ज्यांचं कापलेलं धान अवकाळी पावसात भिजलं, ज्यांचा मुलगा कामासाठी परराज्यात गेला आणि त्याचा फोन येत नाही, त्यांनाही पाळकसाहेबांनी पुढे बोलवावं. ते बोलतील तेव्हा मध्येच ‘हालेलूया’ म्हणून त्यांना थांबवू नये. आणि उपासना सुटल्यावर त्यांच्यापैकी कोण या आठवड्यात नागपूरला जाणार आहे ते विचारून आपल्यातल्या कोणीतरी त्यांच्यासोबत जावं.