‘ख्रिसमस कॅरोल’मधील नैतिक आशय : निबंधाच्या आराखड्याचा प्रश्न

साहित्यकृतीतील नैतिक आशयावर निबंध लिहावयाचा म्हटले की अभ्यासकाची लेखणी सहसा यादीकडे वळते. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या लघुकादंबरीच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते. लोभ वाईट, औदार्य श्रेयस्कर, खरे सुख आप्तांच्या सहवासात, सुधारण्यास कधीच उशीर होत नाही : असे चार बोध, प्रत्येकाखाली एक प्रसंग आणि अखेरीस समारोप. या आराखड्यात असत्य काही नसते. परंतु हे चारही बोध कृती न वाचताच वाचकाला ठाऊक असतात आणि परिच्छेदांची अदलाबदल केली तरी निबंधाचे काही बिघडत नाही. जो आराखडा कृतीशिवाय उभा राहू शकतो, त्याला त्या कृतीचा अभ्यास म्हणावे काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना कृतीची जन्मकथा उपयोगी पडते. १८४३ च्या आरंभी डिकन्सने बालकामगारांच्या स्थितीविषयीचा शासकीय आयोगाचा दुसरा अहवाल वाचला आणि गरिबांच्या मुलांची कैफियत मांडणारी एक पुस्तिका लिहिण्याचा संकल्प केला. पुढे तो संकल्प त्याने बाजूला ठेवला; कथेचा आघात अधिक प्रबळ ठरेल, असे त्याला वाटले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्याने लंडनमधील फील्ड लेन येथील गरीब मुलांची शाळा पाहिली आणि १९ डिसेंबरला ‘कॅरोल’ प्रसिद्ध झाले. बोध सांगण्याचे सरळ साधन हाताशी असूनही लेखकाने ते नाकारले. अशा वेळी कथेतून बोध वेचून त्यांची पुन्हा पुस्तिका करणे म्हणजे लेखकाचा निर्णय उलटा फिरविणे होय.

मग पुस्तिकेला न साधणारे असे कथा काय साधते? कृतीच्या पाच भागांना डिकन्स ‘कडवी’ म्हणतो. पहिल्या कडव्यात गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांना स्क्रूज तुरुंग आणि श्रमगृहे चालू आहेत ना, असे विचारतो. जे मरणार असतील त्यांनी मरावे, तेवढीच जादा लोकसंख्या कमी होईल, असेही सुचवितो. या उद्गारांमागे माल्थसचा लोकसंख्याविचार आणि १८३४ चा दारिद्र्यविषयक कायदा उभा आहे. म्हणजे स्क्रूज हा केवळ स्वभावाने कृपण नाही. त्याच्या कृपणतेला त्या काळाच्या प्रतिष्ठित अर्थविचाराचा आधार आहे. तिसऱ्या कडव्यात टायनी टिम वाचेल का, असे तो कळवळून विचारतो तेव्हा वर्तमानाचे भूत त्याचेच शब्द त्याला परत करते. ‘अज्ञान’ आणि ‘अभाव’ ही दोन मुले पाहून त्यांना आसरा नाही काय, असे तो विचारतो, तेव्हाही तसेच घडते. बोध बाहेरून येत नाही. बोलणाऱ्याचे वाक्य एका विशिष्ट मुलाच्या चेहऱ्यासमोर त्याच्याकडे परत येते. ‘जादा लोकसंख्या’ हा शब्दप्रयोग ज्या क्षणी एका मुलाला लागू पडतो, त्या क्षणी तो उच्चारणे अशक्य होते. या कृतीचा नैतिक आशय या तंत्रात आहे.

स्क्रूजचे परिवर्तन मृत्यूच्या भयाने होते, हा आक्षेपही आराखड्यात यावयास हवा. त्याचे उत्तर प्रसंगांच्या क्रमात सापडते. प्रथम दारात गाणे म्हणणाऱ्या मुलाला काही दिले असते तर बरे झाले असते, असे स्क्रूजला वाटते. नंतर जुन्या धन्याचा, फेझिविगचा, आनंदोत्सव पाहून त्याला आपल्या कारकुनाशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. मग त्या कारकुनाचे आजारी मूल, आणि त्याहीपुढे दोन अनामिक मुले. सहानुभूतीचे वर्तुळ असे वाढत गेल्यावरच थडगे दिसते. केवळ भय पुरेसे असते तर दुसऱ्या व तिसऱ्या कडव्याचे प्रयोजन उरले नसते.

मात्र येथेच थांबणारा निबंध अपुरा राहील. अखेरीस बॉब क्रॅचिटचा पगार वाढतो, टायनी टिम जगतो, थकलेल्या वर्गणीची भरपाई होते. श्रमगृहे आणि तो कायदा मात्र जागच्या जागी राहतात. डिकन्स व्यवस्थेपेक्षा माणसांच्या मनात पालट इच्छितो, हे १९४० मधील आपल्या निबंधात जॉर्ज ऑर्वेलने नोंदविले. परंतु त्या भूमिकेला उथळ ठरविण्याची घाईही त्याने केली नाही. अभ्यासकाला या ठिकाणी बाजू घ्यावी लागते. एका धनिकाच्या हृदयपालटावर हजारो मुलांचे भवितव्य सोपविता येईल काय? येत नसेल, तर ‘अज्ञान’ आणि ‘अभाव’ यांना शेवटच्या कडव्यात कोणतेही घर मिळत नाही, ही गोष्ट कृतीची मर्यादा मानावयाची की तिचा प्रामाणिकपणा?

फडके-खांडेकरांच्या काळातील ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादाची परंपरा लाभलेल्या मराठीच्या अभ्यासकाला बोधाचा संकोच वाटणे किंवा त्याच्या आहारी जाणे, दोन्ही सहज शक्य आहे. ‘कॅरोल’ या दोन्ही टोकांना दाद देत नाही. म्हणून निबंधाचा आराखडा एका विधानापासून सुरू व्हावा : ही कथा वाचकाला त्याचीच भाषा परत ऐकविते. त्यानंतर त्या भाषेचा उगम, तिचे परतणे, सहानुभूतीचा क्रम आणि अखेरचे अपुरेपण, असे चार टप्पे यावेत. हे टप्पे एकमेकांवर उभे असल्याने त्यांची अदलाबदल करता येत नाही. विद्यार्थ्याच्या हाती गुण मिळवून देणारी यादी द्यावयाची की वाचण्याची ही शिस्त, याचा निर्णय अखेर अध्यापकालाच घ्यावयाचा आहे.