यंत्र आणि पंडवानी

संगीतात यंत्र माणसाची जागा घेईल काय, हा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. तो निराधार नाही. 2024 सालच्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गीतात ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या व शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुन्हा घडविले. कुटुंबीयांची संमती घेतली, मोबदलाही दिला.

आवाज घडविता येतो. मग उरते काय? त्याचे उत्तर आम्हां जामुलकरांना जवळच सापडते. भिलाईनजीकच्या गनियारी गावी तीजनबाईंचा जन्म झाला. महाभारताच्या कथा त्या आजोबांकडून ऐकून शिकल्या. त्या काळी पंडवानी गाणाऱ्या स्त्रिया बसून, वेदमती शैलीत गात. उभ्याने, अभिनयासह गाण्याची कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. तीजनबाई उभ्या राहिल्या. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा झाला, कधी अर्जुनाचे धनुष्य. या गाण्यापायी त्यांनी समाजाचा बहिष्कार सोसला. पुढे 2019 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

त्यांच्या आधीच्या साऱ्या गायिका यंत्राला दाखविल्या असत्या, तर त्याने सुरेल, निर्दोष, पण बसलेलीच गायिका निर्माण केली असती. क्वचित त्याला उभी गायिका सुचलीही असती. पण त्या सुचण्यापायी त्याला वाळीत कोणी टाकले नसते. कलेतील नवेपणाला अशी किंमत मोजणारा माणूस लागतो.

तेव्हा रियाजाला यंत्राची साथ खुशाल घ्यावी. मात्र जवळपास पंडवानी असेल त्या रात्री मुलांना अवश्य घेऊन जावे.