टेम्पो परतल्यानंतर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात सांगली-कोल्हापूर बुडालं, तेव्हापासून एक वाक्य फार ऐकू येतं : ‘सरकार कुठे होतं? लोकांनीच लोकांना वाचवलं.’ यातला उत्तरार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. राज्यभरातून भाकरी, पाणी, पांघरुणं, जनावरांसाठी चारा घेऊन टेम्पो निघाले. तालमीतली, मंडळांतली पोरं छातीभर पाण्यात उतरली. पण या कौतुकाच्या आडून ‘मदतकार्य समाजानेच करावं, सरकारने बाजूला व्हावं’ असा जो निष्कर्ष सरकवला जातो, तो मला मुळीच मान्य नाही.

ब्रह्मनाळ आठवा. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या या गावात पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेक जण बुडाले. धाडस गावाचंच होतं. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली, कारण दुसरी फेरी होईल याचा भरवसा कुणाला होता? नदीकाठच्या गावांत पुरेशा बोटी, लाइफ जॅकेट आणि शिकलेले नावाडी जूनमध्येच तयार ठेवणं हे वर्गणीतून होणारं काम नव्हे. धरणातून पाणी कधी सोडायचं, अलमट्टीबाबत कर्नाटकाशी कोणी बोलायचं, पूररेषेतल्या बांधकामाला परवानगी कोणी नाकारायची, यातलं काहीही दात्याच्या हातात नसतं, त्याचं मन कितीही मोठं असलं तरी.

शिवाय खासगी मदत रस्ता बघून जाते. हमरस्त्यालगतच्या गावात बिस्किटांचे खोके ठेवायला जागा उरत नाही, आतल्या वस्तीवर काडेपेटीही पोचत नाही. हा दात्याचा दोष नाही. त्याच्याकडे यादी नसते. पण ज्याला काहीच मिळालं नाही त्याने भांडायचं कुणाशी? देणगीदाराला जाब विचारता येत नाही, तलाठ्याला येतो.

तलाठ्याचं नाव काढताच वाचक हसतील, आणि ते हसू कमावलेलं आहे. त्याच महापुरात मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट निघाली. इचलकरंजीत धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रं चिकटली. संताप यावा असंच हे सगळं. पण म्हणून सरकारला रजा द्यायची? १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना खडी फोडायचं का होईना काम मिळालं ते सरकारी तिजोरीतून, आणि पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. अन्नछत्र चालवणाऱ्या सज्जनाने ते बंद केलं तर आपण हात जोडून घरी येतो. कायद्याने मिळालेलं काम बंद झालं तर मोर्चा निघतो. माझ्या मते हा फरक निर्णायक आहे.

मग नागरिकांनी काय करायचं? मधे येऊ नये, असं काही अधिकारी खासगीत म्हणतात. त्यांनी किल्लारी पाहावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पैसा उभा केला सरकारने आणि जागतिक बँकेने. पण हजारो घरांच्या दुरुस्तीचं काम गावोगावच्या ‘संवाद सहायक’ बायकांशिवाय मार्गी लागणं कठीण होतं. घरमालकाला योजना समजावणं, अडलेली कामं वर कळवणं, हे त्यांनी केलं. शासनाच्या व्यवस्थेत गावाचा माणूस बसला, ही त्या पुनर्वसनाची सगळ्यात मोलाची गोष्ट. तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो.

त्याहून जुना धडा १८९६ च्या दुष्काळाचा आहे. टिळकांच्या प्रभावाखालच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने कार्यकर्ते खेड्यांत पाठवले. त्यांनी दुष्काळसंहितेत रयतेला काय देऊ केलंय ते मराठीतून सांगितलं आणि पीक बुडालं असेल तर सारामाफी मागा, असं बजावलं. नुसत्या धान्यवाटपाचा सरकारला त्रास झाला नसता. हक्क सांगणाऱ्या सभेची मान्यता मात्र मार्च १८९७ मध्ये काढून घेण्यात आली.

पहिले दोन दिवस शेजाऱ्याचेच असतात, तिथे कुणी कुणाची वाट बघू नये. टेम्पो परतल्यानंतर खरं काम सुरू होतं, आणि ते पंचनाम्याचं आहे. पिकाची भरपाई सातबारावर नाव असलेल्याला मिळते. वाट्याने कसणारा राहून जातो. घराची मालकाला मिळते, भांडीकुंडी वाहून गेलेला भाडेकरू कोरडाच राहतो. पाच किलो तांदूळ देणाऱ्याने एक दिवस या माणसांसाठीही काढावा. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला भाग पाडा, ती चावडीवर मोठ्याने वाचा, सुटलेल्यांचे अर्ज लिहून तहसीलदाराकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.