'खाते, पण काम तं करते ना!'

धामणगाव रेल्वेच्या कापूस बाजारात काट्यावर अर्धा किलो मारला गेला तर शेतकरी व्यापाऱ्याशी भांडतो. पुढाऱ्याविषयी मात्र त्याच शेतकऱ्याच्या तोंडी एक वाक्य रुळले आहे : 'खाते, पण काम तं करते ना!' काट्यावरचा हा हिशेबीपणा नेतृत्वाच्या बाबतीत एवढा उदार का व्हावा?

पुढाऱ्याने घेतलेला पैसा म्हणजे कामाची दलाली, हे या वाक्यामागचे अर्थशास्त्र. ते किती खोटे आहे, हे 1981 च्या सिमेंट प्रकरणाने दाखवले. तेव्हा सिमेंट नियंत्रित दराने, परवान्यावर मिळे; काळ्या बाजारातला भाव त्याहून कितीतरी चढा. हा फरक कोणाचा? विहिरीचे बांधकाम पोत्यांअभावी अडलेल्या शेतकऱ्याचाही तो होता. मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि बिल्डरांना मिळालेला सिमेंटचा कोटा यांचा संबंध होता, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी 12 जानेवारी 1982 रोजी दिला. अंतुले पायउतार झाले. (फौजदारी खटल्यात त्यांना शिक्षा झाली नाही; पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले.)

काम करणारा मुख्यमंत्री हा त्यांचा लौकिक खोटा नव्हता. संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. प्रतिष्ठानाचा पैसाही कलावंत-साहित्यिकांसाठी, असे समर्थक सांगत. परंतु ज्याच्या हाती परवाना आहे त्याने मागितलेली देणगी ही देणगी नव्हेच. तो विधिमंडळाने न बसवलेला कर. बिल्डर तो घर घेणाऱ्याकडून वसूल करणारच.

याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या गाडगेबाबांनीही लोकांकडून पैसा गोळा केला, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. देणाऱ्याला परत देण्याजोगा कोटा त्यांच्यापाशी नव्हता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्यांनी काम कमी केले काय?

सत्ताधाऱ्याला संताचे माप लावू नये, असे म्हटले जाईल. नका लावू, काट्याचेच लावा. सिमेंटवरचे नियंत्रण केव्हाच गेले, पण ठेके, नोकरभरती, बाजार समित्यांचे गाळे उरलेच आहेत. गाळा कोणाला दिला, किती भाड्याने आणि बाहेर त्याच गाळ्याचे भाडे किती, एवढे तरी प्रत्येक बाजार समितीने आपल्या फलकावर कापसाच्या भावाशेजारी लिहावे.