नवे यंत्र आणि जुनी अक्षरे

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 या ऑपरेटिंग सिस्टीमचे नेहमीचे साहाय्य थांबविले. अशा वेळी शाळांत, कचेऱ्यांत व घरांत नवे संगणक येतात आणि त्यांजबरोबर एक प्रश्नही येतो : जुन्या संगणकावर जे प्रोग्राम आपण वर्षानुवर्षे वापरले, त्यांचे काय करावे? आमच्या मते हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. त्या प्रोग्रामांत जे लिहून ठेविले आहे, त्याचा तो प्रश्न आहे.

प्रथम अडचणीचे कारण पाहू. कोणताही प्रोग्राम आपली सर्व कामे एकटा करीत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, कागदावर छापणे यांसाठी तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागणी करितो. मागणी करण्याची ही रीत पालटली की जुना प्रोग्राम अडून बसतो. 1990 च्या सुमारास लिहिलेले पुष्कळ प्रोग्राम 16 बिटांचे होते. 64 बिटांच्या विंडोजवर ते चालत नाहीत, आणि 2021 साली आलेली विंडोज 11 तर केवळ 64 बिटांचीच आहे. ॲपल कंपनीनेही 2019 च्या मॅकओएस कॅटालिनापासून 32 बिटांच्या प्रोग्रामांना निरोप दिला.

मराठीपुरते पाहता अडचण आणखी खोल आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी आपला मजकूर श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत टंकलिखित होत असे. त्यांतील अनेक फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो फाँट नव्या संगणकावर नसला, तर कवितेच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. पाने जुळविण्यासाठी पेजमेकर वापरीत. त्याची शेवटची आवृत्ती 7.0 ही 2001 सालची. आजच्या इनडिझाइनमध्ये त्या फाइली सरळ उघडत नाहीत.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी मंडळींना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. येथील शाळेचे वार्षिक, मंडळाची स्मरणिका, ग्रंथालयाची सूची यांच्या प्रती मोजक्याच निघतात. त्यांची दुसरी आवृत्ती कोणी काढीत नाही. कोणी म्हणेल, छापील प्रत आहे, मग चिंता कशाची? परंतु छापील प्रतीला वाळवी लागते, ती हरवते, आणि हवा तो लेख तीत क्षणात शोधता येत नाही. दुसरा कोणी म्हणेल, जुना संगणकच तसाच चालू ठेवावा. तोही मार्ग टिकाऊ नव्हे. ज्या सिस्टीमची डागडुजी थांबली, ती इंटरनेटला जोडणे धोक्याचे. आणि यंत्राचे भाग तर झिजणारच.

तात्पुरते उपाय आहेत. विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रामासाठी 'कंपॅटिबिलिटी मोड' असतो. डॉसवरील प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये चालविता येतात. नव्या संगणकाच्या पोटात जुनी सिस्टीम स्वतंत्रपणे चालविणारे 'व्हर्च्युअल मशीन'ही उभारता येते. मात्र ते इंटरनेटपासून अलग ठेवावे. हे उपाय नदी उतरण्यापुरत्या नावेसारखे आहेत. नावेतच बिऱ्हाड थाटावयाचे नसते. या उपायांनी जुनी फाइल उघडावी, तिच्यातील मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि पानांची मूळ मांडणी पीडीएफ रूपाने जपावी.

येथे विद्यार्थ्यांचे काम सुरू होते. रूपांतर करणारा प्रोग्राम रफार, पहिली वेलांटी व जोडाक्षरे यांत हमखास चुकतो. त्या चुका मराठी वाचणाऱ्या डोळ्यांनाच सापडतात. प्रत्येक वर्गाने शिक्षकांच्या देखरेखीखाली एका जुन्या अंकाची थोडी थोडी पाने तपासली, तरी काही वर्षांत मोठा साठा सुरक्षित होईल. शुद्धलेखनाचा याहून चांगला अभ्यास आम्हांस दिसत नाही.

नव्याला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच की, लेखन लिहिणाऱ्याचे असते, प्रोग्रामाचे नव्हे. म्हणून नवा प्रोग्राम घेतानाच विचारावे : यात लिहिलेले उद्या दुसरीकडे नेता येईल काय? आणि जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील अक्षरे आधी सोडवून घ्यावीत. हा क्रम उलटला, तर पुढच्या पिढीच्या हाती फाइलींची नुसती नावे राहतील.