आधी निदान, मग दुरुस्ती

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदीचे पाणी वांद्रे पूर्वेच्या वस्त्यांत शिरले आणि असंख्य वाहने बुडाली. आजही अतिवृष्टीत वडिलांच्या काळातील एखादी बुलेट दुकानाबाहेर पाण्यात सापडते, तेव्हा पहिली चूक घाईची असते: पाणी ओसरताच किक मारली जाते.

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिनावर जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि किरकोळ खर्चाचे काम मोठे होते. म्हणून प्रथम स्पार्क प्लग काढून, इंजिन हळूहळू फिरवून पाणी बाहेर काढावे. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजून ते बदलावे.

तरीही इंजिनात जोर नसेल, तर कॉम्प्रेशन मोजावे. प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर दोष बहुधा रिंग वा सिलिंडरच्या झिजेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये. या परीक्षेआधी संपूर्ण इंजिन उघडण्यास संमती देऊ नये.

काढलेले ऑइल गटारात ओतू नये; त्याने पाण्यातील जीवांचा घात होतो. ते बंद डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे.

प्रायश्चित्ताच्या प्रकारांत आलोचना पहिली आहे. दोष जसा आहे तसा समोर आल्यावरच शुद्धीचा मार्ग सापडतो.